घोटीच्या स्टँडवरचं वाक्य

अक्का,

पुरवणीच्या संपादकांनी तुमच्यावर लिहायला सांगितलं आणि लगेच विचारलं, "त्यांची पुस्तकं किती?" मी म्हटलं, एकही नाही. ते जरा घुटमळले. "मग कथा वाचायच्या तर कुठे मिळतील?" मी म्हटलं, मिळणार नाहीत. दिवाळी अंकांत होत्या, मासिकांत होत्या, रविवारच्या पुरवण्यांत होत्या. लोकांनी वाचल्या, शेजारी दिल्या, मग अंक रद्दीत गेले. तीस वर्षं तुम्ही असंच लिहिलंत. त्यांना जन्मगाव, शिक्षण, कार्यक्षेत्र असं काहीतरी हवं होतं. ते त्यांनी कुणाकडून तरी घ्यावं. मला तुमच्याशीच बोलायचं आहे. तुम्ही गेल्यापासून मी कुणाशी कथांबद्दल बोललेलेच नाही.

आपली पहिली भेट माझ्या लग्नाच्या बोलणीतली. कळवणला आमच्या घरी तुम्ही तुमच्या धाकट्या भावासाठी मला बघायला आला होतात. सगळ्यांनी स्वयंपाक, शिवणकाम विचारून झालं. मग तुम्ही विचारलंत, "वाचायला काय आवडतं?" आमच्या घरात पुस्तकं नव्हती. मी खरं ते सांगून टाकलं, "किराणा बांधून येतो ते कागद वाचते." आई मागून चिमटा काढत होती. तुम्ही मात्र पुढे सरकलात.

"मग अर्ध्या गोष्टी पुष्कळ वाचल्या असशील. पुढे काय झालं असेल ते मनाने ठरवतेस का?"

"ठरवते."

"कधी सुरुवातही ठरवतेस? वरचा कागद फाटलेला असतो तेव्हा?"

"सुरुवात अवघड जाते," मी म्हटलं.

तुम्ही तुमच्या आईकडे वळून म्हणालात, "मला मुलगी पसंत आहे." नवरा मुलगा अजून काही बोललाही नव्हता. हे अजून म्हणतात, माझं लग्न अक्काने ठरवलं, आणि तेही स्वतःच्या सोयीसाठी.

तुम्ही पंचवटीत दोन खोल्यांत आईंबरोबर राहायचात आणि कोर्टाजवळ एका वकिलांकडे टाइपिंग करायचात. आम्ही एकलहऱ्याला, वीज केंद्राच्या कॉलनीत. नव्वदीची पहिली वर्षं. हे शिफ्टला गेले की क्वार्टरमध्ये मी एकटी. तुम्ही सुटीच्या दिवशी बस बदलून यायचात आणि पिशवीतून भाजीबरोबर जुने अंक काढायचात. एकदा मी म्हटलं, "अक्का, मला लिहावंसं वाटतं, पण इथं घडत काहीच नाही. चिमणीतून धूर येतो आणि दोरीवरच्या कपड्यांवर राख पडते. एवढंच."

"कुणाच्या कपड्यांवर पडते?"

"सगळ्यांच्याच."

"मग सगळ्या काय करतात?"

मला हसू आलं. पण तुम्ही उत्तराची वाट पाहत होतात, म्हणून मी विचार करून सांगितलं. शेजारची बाई सगळे कपडे पुन्हा धुऊन काढते. तिच्या पलीकडची नुसते झटकते आणि घडी घालते. दोघी पूर्वी मैत्रिणी होत्या. आता बोलत नाहीत.

"का बोलत नाहीत?"

"माहीत नाही."

"कागद फाटलाय म्हण की," तुम्ही म्हणालात आणि चहा ठेवायला उठलात.

ती माझी पहिली कथा. 'काही घडत नाही' हे वाक्य मी त्यानंतर तुमच्यासमोर उच्चारलं नाही.

लिहायला शिकवण्याची तुमची रीत कुठल्या शाळेत बसली नसती. कथा आधी तोंडी सांगायला लावायचात. तुम्ही मेथी निवडत बसलेल्या आणि मी समोर. तुम्ही मध्ये बोलत नसायचात, मान हलवत नसायचात, नुसती मेथी निवडायचात. माझी कथा चाले आणि तुमचे हातही चालत. कधीतरी अचानक देठ हातातच राहायचा. कथा तिथं होती. "इथून सुरू कर," तुम्ही सांगायचात. त्याआधीचं सगळं मी केलेलं वर्णन, आकाश, झाडं, मनातली वादळं, ते देठांबरोबर केरात. मला राग यायचा. घरी येऊन लिहायला बसले की पटायचं.

लिहून झालेली पहिली कथा वाचून तुम्ही चष्मा काढलात. म्हणालात, "ही कपडे झटकणारी बाई कळवणची आहे ना? मग पुण्याच्या मास्तरणीसारखी का बोलते? तुझी आई तुला स्वयंपाकघरातून कशी हाक मारते?"

मी लाजत म्हटलं, "काय करी राहिनी, पोरी?"

"मग तिलाही तसंच विचारू दे."

"लोक हसतील अक्का."

"हसू देत. हसणारा माणूस वाचत असतो."

वकिलांकडे तुमच्या हाताखालून रोज माणसांची भांडणं, वाटण्या, सोडचिठ्ठ्या जायच्या. मला वाटायचं, विषयांची केवढी खाण आहे ही. एकदा तसं म्हटलं तर तुम्ही चिडलात. पहिल्यांदा आणि शेवटचं. "त्या अर्जातलं एक अक्षर मी कथेत घेतलेलं नाही. ते त्यांचं आहे. त्यांनी वकिलावर विश्वास ठेवून सांगितलंय." मग नेहमीच्या आवाजात म्हणालात, "पण बाहेर टपरीवर दोन भाऊ एकमेकांविरुद्ध साक्ष देऊन येतात, आणि मोठा धाकट्याच्या चहात साखर कमी घालायला सांगतो, कारण त्याला साखरेचा त्रास. ते मी घेते. ते रस्त्यावर पडलेलं असतं."

आणि कथा विकायची कशी, हेही तुम्हीच शिकवलंत. हे कुणी शिकवत नाही. लेखक म्हणवणारी माणसं त्याबद्दल बोलायला लाजतात; तुम्हाला त्याची लाज कधी वाटली नाही. दिवाळी संपली की मला वाचनालयात घेऊन जायचात आणि एकेक अंक पुढे ठेवायचात. हा अंक घरातल्या बायका वाचतात, याला दुपारी निवांत वाचायची कथा लागते. हा नव्या लेखकांना जागा देतो, पण कथा लहान हवी. या अंकाचे संपादक दर वर्षी एक तरी गावाकडची घेतात आणि ती त्यांच्याकडे कमी येते. "ज्यांच्याकडे जेवायला जायचं त्यांच्याकडे काय शिजतं ते आधी बघावं," तुम्ही म्हणायचात. वैशाखाच्या उन्हात पंख्याखाली घाम पुसत आपण आकाशकंदिलाच्या आणि फराळाच्या कथा लिहायचो, कारण आषाढात पाकीट पोस्टात पडायला हवं.

पहिली कथा 'साभार परत' आली तेव्हा मी दोन दिवस नीट जेवले नाही. तुम्ही आलात, पाकीट हातात घेतलंत, कागदांच्या कडा दुमडल्या होत्या त्या सरळ केल्यात आणि पिशवीतून दुसरं पाकीट काढलंत. पत्ता आधीच लिहिलेला होता. "परत आलेली कथा घरात मुक्कामाला ठेवायची नाही. तिला सवय लागते, आणि आपल्याला तिच्यात खोटी खोट दिसायला लागते. जेवलीस का?" दोघी पोस्टात गेलो. तिसऱ्या पाकिटाला ती लागली. अंक आला तेव्हा तुम्ही बसमध्ये शेजारच्या अनोळखी बाईंना पान उघडून दाखवलंत, "ही आमची भावजय." त्या बाईंना वाटलं, फोटो आहे. त्या फोटो शोधत राहिल्या.

आता त्या कथेचं सांगते. ज्या कथेबद्दल आपण एकदा बोललो आणि मग कधी बोललो नाही.

तुमचं लग्न झालं होतं, घोटीला, भाताची गिरणी असलेल्या घरी, आणि दीडेक वर्षात तुम्ही परत आला होतात, एवढं मला माझ्या लग्नानंतर कळलं. का, ते घरात कुणी बोलत नसे. तुमच्या आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात, आपण गच्चीवर कुरडया घालत होतो, तेव्हा तुम्हीच सांगितलंत. मारझोड नव्हती, हुंडा नव्हता. त्या घरात तुमच्याशी कुणी बोलत नव्हतं. सासूने एकदा कशावरून तरी अबोला धरला आणि मग तीच घराची रीत झाली. ताट वाढलं जायचं, काम सांगितलं जायचं ते भिंतीकडे बघून. नवराही आईसमोर बोलायचा नाही, आणि आई सतत समोर असायची. एका सकाळी तुम्ही पिशवी घेतलीत आणि चालत स्टँडवर गेलात.

"हे लिही तू," तुम्ही म्हणालात.

मी घाबरले. "अक्का, तुम्हीच लिहा ना."

"किती वेळा बसले. मी लिहिलं की ते अर्जासारखं होतं. मी फिर्यादी होते."

मला लिहायला वर्ष लागलं. त्यात एक शेवट होता, ज्याचा मला अभिमान होता. ती बाई एसटीत बसते, घोटी मागे पडते आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागतं. छापायला पाठवण्याआधी मी ती तुमच्याकडे आणली. नातेवाईक ओळखणार होते. तुम्ही नको म्हणाला असतात तर मी फाडली असती. तुम्ही स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहूनच वाचलीत. मी बाहेरच्या खोलीत बसले होते. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तुम्ही गॅस बंद केलात, आणि तरी बाहेर आला नाहीत.

मग आलात. म्हणालात, "चांगली आहे. शेवट खोटा आहे."

"रडला नव्हतात?"

"मला भूक लागली होती. दीड वर्षात पहिल्यांदा अशी भूक लागली की पोटात ओरडत होतं. स्टँडवर भजी तळत होता एक जण. मी दोन प्लेट खाल्ली. त्याने विचारलं, 'ताई, आणखी देऊ का?' कुणीतरी माझ्याकडे बघून बोलत होतं. रडायचं कशाला?"

असा शेवट मला माझ्या मनाने शंभर वर्षांत सुचला नसता.

"आणि आणखी एक," तुम्ही म्हणालात. "नवऱ्याला तू दगड केलायस. तो दुष्ट नव्हता. भित्रा होता. त्याला एक वाक्य दे. तो आला होता स्टँडवर. बस सुटायच्या आधी. पाऊस होता. खिडकीपाशी आला आणि म्हणाला, 'खिडकीशी बसू नकोस, पाणी आत येतं.' एवढंच. आणि गेला."

मी ते तसंच लिहिलं. कथा दिवाळी अंकात आली, त्या वर्षी तिचं खूप कौतुक झालं, आणि ज्याने त्याने त्या एका वाक्याबद्दल लिहिलं. तुमच्या दोन मावश्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. तुम्ही त्यांना म्हणालात, "माझ्याशी बोला मग. बोलायचं तर असतंच ना तुम्हाला कुणाशी तरी." तुमची उघडी पडलेली गोष्ट, आणि पांघरूण तुम्ही माझ्यावर घातलंत. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. कसे मानायचे ते कळलं नाही.

तुमच्या तेराव्यानंतरच्या आठवड्यात मी पंचवटीच्या खोल्या आवरायला गेले होते. दुपारी दाराशी एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, टोपी, हातात छत्री. "वत्सलाबाई इथंच राहायच्या का?" मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मी घोटीचा. पेपरात वाचलं." मला लगेच कळलं. मी पाणी दिलं. ते बराच वेळ तुमच्या फोटोकडे न बघता बसले. मग मला विचारलं, "ती कथा तुम्ही लिहिली ना? गिरणीची."

मी म्हटलं, "हो. तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"वाईट नाय वाटलं. आमच्या पुतण्याने आणून दिला होता अंक. सगळं बरोबर लिहिलंय. पण मी स्टँडवर नाय गेलो बाई. गिरणीतच बसून होतो. ती समोरून पिशवी घेऊन गेली, मी पाहिलं. उठलो नाय." ते छत्रीची मूठ चोळत राहिले. "ते वाक्य वाचलं, तेव्हा वाटलं, एवढं तरी बोलायला पाहिजे होतं. तुम्हाला कसं सुचलं?"

अक्का, मी खरं सांगितलं. म्हटलं, "मला नाही सुचलं. त्यांनी सांगितलं."

त्यांनी टोपी काढली. मग पहिल्यांदा फोटोकडे पाहिलं. चहा नको म्हणाले. जाताना दारात थांबून म्हणाले, "लय चांगलं वाक्य होतं," आणि जिना उतरून गेले.

तेव्हापासून मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडते आहे. तुम्ही मला खोटं सांगितलंत. दुसऱ्याच्या अर्जातलं एक अक्षर न घेणाऱ्या तुम्ही, स्वतःच्या आयुष्यात एक वाक्य घातलंत आणि खरं म्हणून माझ्या हाती दिलंत. ते त्याच्यासाठी होतं, की कथेसाठी? तुमच्यातल्या बाईला दया आली, की तुमच्यातल्या जुन्या, मुरलेल्या लेखिकेला कळलं की इथं कथा एका वाक्याने उणी आहे? आणि भजी? भजी तरी खरी होती का? मला वाटतं, होती. भूक अशी रचता येत नाही. पण आता मी खात्रीने सांगू शकत नाही, आणि विचारायला तुम्ही नाही आहात.

आपलं एक भांडण आधीच राहिलं होतं. माझा कथासंग्रह निघाला तेव्हा तुम्ही शेवटच्या रांगेत बसला होतात आणि परत येताना रिक्षात म्हणालात, "पुस्तक कपाटात जातं गं. अंक घरात जातो." मी म्हटलं, अंक वर्षाने रद्दीत जातो, पुस्तक टिकतं. तुम्ही म्हणालात, "टिकण्यासाठी लिहायचं की वाचण्यासाठी?" मी म्हटलं, दोन्ही. रिक्षा रविवार कारंज्याला अडकली होती, तिथून पंचवटीपर्यंत आपण भांडत होतो, आणि उतरताना रिक्षावाला म्हणाला, "मावशी, ताईंचं बरोबर आहे." तुम्ही त्याच्याशीही भांडलात. मला अजूनही वाटतं, माझं बरोबर होतं. तुमच्या कथा एकत्र असत्या तर आज त्या संपादकांना मी काहीतरी देऊ शकले असते. आणि तरी गेल्या महिन्यात सातपूरहून, सिन्नरहून, कुठून कुठून बायका भेटायला आल्या. त्यांना तुमचं नाव नीट आठवत नव्हतं, पण कथा आठवत होती. एकीने अख्खी सांगितली, दारात उभ्या उभ्या. तुमच्या मूळ कथेपेक्षा थोडी वेगळी. मला वाटतं, तिने सुधारली होती.

शेवटच्या वर्षांत घरोघरी संध्याकाळी मालिका लागायला लागल्या, अंक एकेक करून बंद पडायला लागले. मुंबईहून कुणीतरी तुम्हाला मालिकेसाठी लिहाल का विचारलं होतं. तुम्ही दोन आठवडे विचार केलात, मग नाही कळवलंत. मी कारण विचारलं तर म्हणालात, "त्यांना शेवट नको असतो. मला शेवटासाठीच तर लिहायचं असतं." आणि त्याच वयात कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकलात. 'ळ' कुठे लपवून ठेवलाय म्हणून त्या क्लासच्या मुलीला हैराण केलंत. बाजार आकसत होता आणि तुम्ही नवं हत्यार परजत होतात. लिहायची उमेद कुठून आणायची असं मला कुणी विचारलं, तर मी तुमचा तो क्लासमधला वाकलेला पाठमोरा आकार सांगेन. दुसरं उत्तर माझ्याकडे नाही.

परवा एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. तुम्हाला दर वर्षी कथा मागणारे ते. त्यांना कळलं नव्हतं. मी सांगितलं. मग संकोचाने म्हणाले, "त्यांची विनोदी कथा ठरली होती. जागा ठेवली आहे. तुम्ही द्याल का?"

अक्का, मी आयुष्यात विनोदी लिहिलेलं नाही. सुतकाचे दिवस नुकते संपलेले. मी नाही म्हणणार होते. पण जागा रिकामी ठेवलेली आहे, आणि ती मागणारा माणूस अदबीने मागतो आहे, अशा वेळी नाही म्हणायला तुम्ही मला शिकवलेलं नाही. मी म्हटलं, "देते."

आज सकाळपासून बसले आहे. पहिली दोन पानं फाडली. तिसऱ्यांदा सुरू केली ती रिक्षावाल्यापासून, दोन बायकांच्या भांडणात पडणारा रिक्षावाला, जो त्यांना उतरवायलाच विसरतो. दुपारी एका वाक्याशी मला एकटीला मोठ्याने हसू आलं. मग लगेच रडू आलं, आणि मग पुढचं वाक्य सुचलं.

इतक्यात हे पहिल्या शिफ्टहून आले. दारातूनच म्हणाले, "काय झालं?" डोळे त्यांचेही या महिन्यात सारखे भरलेले असतात; तुम्ही त्यांच्या अक्का, मला तर नंतर मिळालात. माझ्या कथा आजवर तुम्ही ऐकायच्या आणि हे छापून आल्यावर वाचायचे. मी म्हटलं, "काही नाही. अर्धी झाली आहे. ऐकता का?"

त्यांनी डबा खाली ठेवला. बूटसुद्धा न काढता समोर बसले आणि म्हणाले, "वाच. हसू आलं तर हसू का?"

मी म्हटलं, "हसा," आणि वाचायला लागले.